चावी डिचोलीत, गाडी पेडण्यात

डिचोलीत पांढरी गाडी घेऊ नये, हे मी आजवर निदान शंभर जणांना सांगितलं असेल. ऐकलं चौघांनी. बाकीच्यांनी पांढरीच आणली, खनिजाच्या ट्रकांमागून आठ दिवस फिरवली, आणि नवव्या दिवशी तिचा रंग पान खाणाऱ्याच्या दातांसारखा झाला तेव्हा माझ्याकडे आले. "पांडुरंगबाब, पॉलिश खंयचें मारूचें?" मी म्हणायचो, पॉलिश राहू दे, गाव बदल.

मी पांडुरंग शेट्ये. डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून. दिवसभर हात डंपरमध्ये असायचे, पण जीव छोट्या गाड्यांत. मालक लोकांच्या परदेशी गाड्या बिघडल्या की मुंबईहून माणूस येईपर्यंत त्या माझ्या ताब्यात असत, आणि बहुतेक वेळा तो माणूस पोचायच्या आत चालूही झालेल्या असत. निवृत्त झाल्यावर लोक घरी यायला लागले. कुठली घेऊ, नवी घेऊ की जुनी, जरा येऊन ऐकता का, जरा येऊन बघता का. मी पैसे घेत नाही, त्यामुळे बोलताना कुणाची भीडही ठेवत नाही. माझी बायको सुमंगला म्हणते, लोक तुमच्याकडे सल्ल्याला येत नाहीत, बोलणी खायला येतात. घरी त्यांना कुणी बोलत नसेल.

तिचं सोडा. माझी मतं ठाम आहेत आणि ती गाड्यांखाली पाठ टेकून बनलेली आहेत. महागडी गाडी घेणाऱ्याने आधी आपल्या घराची वाट बघावी. खाणींच्या तेजीत साळच्या एका ट्रकमालकाने इतकी बुटकी स्पोर्ट्स गाडी आणली की घरासमोरच्या गटाराच्या लादीवर ती पोटावरच बसली. सहा माणसांनी उचलून बाजूला काढली. पुढे दोन वर्षं ती देवळाच्या पटांगणात राहिली आणि मालक रोज सकाळी स्कूटरने तिला भेटून यायचा. त्याने मला आधी विचारलं असतं तर मी त्याला सांगितलं असतं की गाडी वेगात किती जाते ते नंतर बघ, तुझ्या दारात जाते का ते आधी बघ. आईला नाहीतर बायकोला शोरूममध्ये नेऊन एकदा आत बसवावं, आणि मुख्य म्हणजे उठवावं. बसायला सगळ्यांनाच येतं. गुडघे उठताना बोलतात.

हरमल-मांद्र्याकडे राहिलेली जुनी गाडी घेताना पायाखालची चटई उचलून बघावी. वरून गाडी नवऱ्यामुलासारखी सजलेली असते आणि खाली खाऱ्या वाऱ्याने पत्र्याची चाळण केलेली असते. जुन्या गाडीचं इंजिन मी सगळ्यांत शेवटी बघतो. आधी टायर बघतो. चारही टायर एकाच जातीचे, एकाच वयाचे असतील तर मालक सरळ आहे. दोन एका जातीचे आणि दोन भलत्याच, तर मालकाने गाडी घेतली खरी पण पुढे त्याचा हात आखडला. असल्या माणसाने तेलही कधी वेळेवर बदललं नसणार. टायर बघून मालक ओळखायचा, ही माझी जुनी फुशारकी. आजवर ती फारशी चुकली नव्हती. एकदाच चुकली. ते पुढे येईलच.

आणि माझं सगळ्यांत मोठं मत म्हणजे उभी गाडी मरते. बॅटरी उतरते, रबर सुकतं, टायर एका बाजूला चपटे होतात, सिलिंडरमध्ये गंज धरतो. ज्याला चालवायची नाही त्याने उंची गाडी घेऊच नये. घेऊन झाकून ठेवणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो. असल्या कित्येकांना मी त्यांच्या घरात, त्यांचाच चहा पिताना कसाई म्हटलेलं आहे.

हे मत मी सत्तावीस वर्षं गावभर सांगत होतो, आणि ती सत्तावीस वर्षं माझ्या देवघरात तांब्याच्या करंड्यात एका गाडीची चावी होती.

दोन हजार चौदा सालची गोष्ट. दसऱ्याला आठवडा होता. खाणी बंद पडून दोन वर्षं झाली होती, रस्त्यावर धूळ नव्हती आणि माझ्याकडे येणारं गिऱ्हाईकही आटलं होतं. अशात एका सकाळी मांद्र्याहून सायश नावाचा मुलगा आला. वय तीस-बत्तीस. समुद्राजवळ सोळा खोल्या भाड्याने देतो. बोलायला गोड, पायांत भारी बूट.

"पांडुरंगबाब, माका स्पोर्ट्स गाडी घेवची आसा," तो म्हणाला.

"कित्याक?"

तो जरा गोंधळला. कशाला, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येक जण गोंधळतो. "माका मोटो आवाज जाय," तो शेवटी म्हणाला. "गाडी गेल्यार लोकांनी वळून पळोवंक जाय."

"मग ट्रकाचो भोंगो लाय. स्वस्तांत काम जातलें."

तो हसला. मला बरं वाटलं. जो माझ्या बोलण्यावर हसतो त्याला मी नीट सल्ला देतो. मग मी त्याला कोलवाळच्या पुलावरच्या गर्दीत क्लच कसा जळतो ते सांगितलं, रुंद टायर पावसात काय नखरे करतात ते सांगितलं, पांढरा रंग घेऊ नको म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरें म्हणजे माजें मन एका जुन्या गाडयेर बसलां. नवी नाकाच झाल्या. पेडण्याक पळयली. कोकमाच्या रंगाची, दोन दारांची. मास्तरांगेर आसा, गोकुळदास मास्तरांगेर."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मास्तर म्हणाले, गाडी देतलों, पुण चावी माजेकडे ना. चावी डिचोलीत पांडुरंग शेट्यागेर आसा. दसऱ्या दिसा जो चावी घेवन येतलो, गाडी ताची." सायशने माझ्याकडे बघितलं. "म्हणून आयलों. चावी दितलेत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण परक्या मुलावर काढून काय उपयोग? मी त्याला म्हटलं, दसरा होऊन जाऊ दे, मग ये. तो गेला आणि मी दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. सुमंगलेने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. गोकुळदासचं नाव आमच्या घरात निघालं की पुढे काय होतं ते तिला माहीत होतं.

गोकुळदास माझा मावसभाऊ. माझी आई आणि त्याची आई सख्ख्या बहिणी. एक डिचोलीला दिली, एक पेडण्याला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. पेडण्याच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. गाड्यांचं वेड मला त्याने लावलं. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात जर्मन गाड्या बोटीने यायच्या, आणि ते लोक गेल्यावरही त्या गाड्या इथेच राहिल्या होत्या. शाळेत असताना आम्ही दोघं म्हापशाच्या टॅक्सीस्टँडवर उभे राहून डोळे मिटायचो आणि नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचो. तो कधी चुकायचा नाही. मी चुकलो की टपली मारायचा.

अठ्ठ्याहत्तर साली हळदोण्याची एक डॉक्टरीणबाई मुलाकडे लिस्बनला निघाली. तिच्या नवऱ्याची जर्मन कूपे शेडमध्ये होती. कूपे म्हणजे दोन दारांची, उतरत्या पाठीची गाडी. पुढे दोघांना ऐसपैस, मागे दोन मुलं कशीबशी. आम्ही दोघांनी अर्धी-अर्धी घेतली. माझ्या आयुष्यातली ती एकच खरी गाडी. तिचं दार लावलं की आपटल्याचा आवाज येत नसे, जाड पुस्तक मिटल्यासारखा येत असे. चावी एकच मिळाली; दुसरी बाईसाहेबांबरोबर चुकून लिस्बनला गेली. एक महिना गाडी पेडण्याला, एक महिना डिचोलीला, असं आठ वर्षं बिनतक्रार चाललं. दोन भावांत बैल एवढा सुखाने राहिला नसता.

मग राजभाषेचं आंदोलन पेटलं. आजच्या मुलांना सांगून पटणार नाही, पण त्या दोन वर्षांत घराघरांत माणसं जेवणाच्या पानावरून उठून गेली. माझं म्हणणं, आमची शाळा मराठी, कीर्तन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, आजोबांनी आजीला लिहिलेली पत्रं मराठी. मग राजभाषा दुसरी कशी? गोकुळदासचं म्हणणं, आई ज्या भाषेत अंगावर ओरडते ती आपली भाषा, म्हणजे कोकणी. आता वाटतं, दोघांचंही खरं होतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं.

शह्याऐंशी सालच्या डिसेंबरात एकाच रविवारी माझी सभा म्हापशाला आली आणि त्याची मडगावला. गाडी त्या महिन्यात त्याच्याकडे. मी कापडी फलक काखेत मारून पहिल्या बसने पेडण्याला गेलो, तर त्याने आपला फलक आधीच बॉनेटला बांधलेला. मी त्याची दोरी सोडली. त्याने माझं कापड अंगणात फेकलं. पुढचा अर्धा तास शेजारपाजार बघत होता. मराठीच्या कैवाराने मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या एकूण एक कोकणीत होत्या, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

शेवटी तो म्हणाला, गाडी माझ्या अंगणातून हलणार नाही. मी चावी काढून घेतली आणि म्हणालो, मग चावी माझ्या खिशात राहील. ठरलं ते एवढंच: दोघांनी एका तोंडाने म्हटल्याशिवाय गाडी रस्त्यावर यायची नाही. निघताना मी मीटर बघून आकडा डायरीत लिहून घेतला, एकसष्ट हजार दोनशे चार. त्याच्या समोर लिहिला. माझा तुझ्यावर विश्वास नाही, हे त्याला कळावं म्हणून.

पुढे भाषेचा कायदा झाला, मे महिन्यात गोवा राज्य झालं, लाडू वाटले गेले. सभांना माझ्याबरोबर येणारे लोक वर्षाभरात कोकणीवाल्यांच्या लग्नांत जेवताना दिसायला लागले. गाड्यांच्या नंबरपाट्यांवर जीडी जाऊन जीए आलं. आमच्या दोघांचीही मुलं पुण्या-बंगळुरूला जाऊन इंग्रजीत भांडायला शिकली. आम्ही दोघे मात्र तिथेच. मावशी वारली तेव्हा मी गेलो, स्मशानात लांब उभा राहिलो आणि परत आलो. माझ्या आईच्या वेळी तोही तसाच आला आणि तसाच गेला.

दर दसऱ्याला लोक आपापल्या गाड्या धुऊन त्यांना झेंडूची माळ घालतात. मी आधी करंड्यातली चावी काढून पाटावर ठेवत असे, तिला हळदकुंकू लावत असे, आणि मग बाहेर जाऊन दारातल्या मारुती गाडीला माळ घालत असे. सुमंगला म्हणायची, लोक गाडी पूजतात, आमच्याकडे कुलूप नसलेल्या किल्लीची पूजा. माझ्या मनात यायचं, तिकडे तोही आज चावी नसलेल्या गाडीला माळ घालत असेल.

आणि आता तो ती गाडी मांद्र्याच्या खोल्यावाल्याला देणार होता, तेही मला न विचारता, निरोप त्याच पोराच्या तोंडी धाडून. चावी दिली तर गाडी जाणार. नाही दिली तरी जाणार, कारण सायशसारखा माणूस दुसरी चावी करून घ्यायला कितीसा वेळ लावणार? आठवडाभर मी हाच विचार करत होतो. गाडी गेली की गोकुळदास आणि मी यांच्यामध्ये काही उरणार नव्हतं, भांडणसुद्धा नाही.

दसऱ्याच्या सकाळी चावी पाटावर ठेवली, कुंकू लावलं, आणि करंड्यात परत न ठेवता खिशात टाकली. सुमंगलेने बघितलं. "वाटेत माळ सुकू देऊ नका," एवढंच म्हणाली आणि मारुतीसाठी केलेली माळ माझ्या हातात दिली.

मारुतीचं छोटं मीटर शून्यावर आणून निघालो. सवय आहे. अस्नोड्यावरून, कोलवाळचा पूल ओलांडून, पेडण्याला त्याच्या दारात पोचलो तेव्हा एकतीस किलोमीटर झाले होते. सत्तावीस वर्षं मला वाटत होतं की पेडणे फार लांब आहे.

त्याची बायको प्रभावती सोप्यावर बसून रोजांची माळ ओवत होती. पेडण्याकडे झेंडूला रोजां म्हणतात. मला बघून तिची सुई थांबली. केस पार पांढरे झाले होते. "भावजी? येयात," ती म्हणाली, जसा मी गेल्या आठवड्यातच येऊन गेलो होतो.

आत कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, गोकुळदास बसला होता. वाळला होता. त्याने मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. "कोण गो?"

"डिचोलेचे भावजी."

तो म्हणाला, "मारुती न्हय? इंजिनांतल्या टॅपेटांचो आवाज आयलो. तूं फोरमन मरे, आपल्या गाडयेचे टॅपेट सारके करूंक येना तुका?"

त्याला दिसत नव्हतं. मधुमेहाने डोळे गेल्याचं मला सुमंगलेने मागे सांगितलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता ते समोर बघत होतो. पण मी भांडायला गेलो होतो आणि भांडण गिळायची मला सवय नाही.

"चावी हाडली?" त्याने विचारलं.

"हाडली."

"मग गाडी तुजी."

"अर्दी आदींच माजी आसा," मी म्हटलं आणि सरळ शेडकडे गेलो.

गाडीवर जुन्या चादरी शिवून केलेली खोळ होती, धुतलेली. ती ओढली. रंग उडाला होता, काही ठिकाणी फोड आले होते, पण गाडी तीच होती. समोरच्या चकचकीत पट्टीवर कुठे डाग नव्हता. मी सवयीने टायर बघितले. तीन टायर तडकलेले, धूळ खाल्लेले. मागचा डावा मात्र काळा, चकाकणारा, जुन्या ओटीच्या कठड्यासारखा गुळगुळीत. मी बघितलं आणि पुढे गेलो. टायर बघून मालक ओळखणारा मी, बघितलं आणि पुढे गेलो.

दार उघडलं, आत बसलो आणि मीटरच्या काचेवरून बोट फिरवलं. एकसष्ट हजार दोनशे एकोणचाळीस.

दोनदा वाचलं. मी डायरीत लिहिलं होतं त्यापेक्षा पस्तीस किलोमीटर जास्त. तो सोप्यावर येऊन खांबाला धरून उभा होता. मी तिथूनच ओरडलो.

"चलयलीस तूं ही गाडी."

"ना."

"मीटर उलोयता. पस्तीस किलोमीटर. दोन तारो जोडल्यो काय चावी कित्याक जाय? तूं शास्त्राचो मास्तर. पाच मिणटांचें काम. आनी हांव थंय वर्साक वर्स ही चावी पूजतां, शब्द दिला म्हणून." आवाज माझा मलाच मोठा वाटला. "विकतय तर वीक. पुण माका फसयतय कित्याक?"

उत्तर दिलं ते प्रभावतीने. तिने हातातली माळ टोपलीत ठेवली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि शेडमध्ये आली. एवढी वर्षं मी तिला हळू बोलणारी बाई समजत होतो.

"भावजी, भायर येयात," ती म्हणाली. "हांगा बसात. चाकाकडे."

मी बसलो. मागच्या डाव्या चाकाजवळ भिंतीला लागून एक जॅक होता आणि तासलेला एक चिरा, वरची कड झिजून खोलगट झालेला. शेजारी एक पाना आणि खोबरेल तेलाच्या बाटलीत इंजिनाचं तेल.

"दर आयतारा," ती म्हणाली. "नुस्तें-मासळी हाडूंक बाजारांत वचच्या आदीं. प्लग काडपाचे, दोन-दोन थेंबे तेल घालपाचें, चवथो गिअर, हें चाक वयर उबारपाचें आनी हातांन घुंवडावपाचें. पंचवीस फावट. ते मोजताले. इंजीन जाम जावंक जायना म्हण. दोन वर्सां जालीं, तांकां दिसना, हात थरथरतात. तेन्नासावन हांव घुंवडायतां आनी ते कदेलीर बसून मोजतात. आतां माज्यो दिंब्यो गेल्यो." तिने गुडघ्यांवरून हात फिरवला. "म्हणून हांवेंच म्हळें, दी कोणाक तरी. ते म्हणाले, चावी येवंदी पयलीं."

मी त्या टायरवर हात ठेवला. बोटं जिथे धरतात तिथे तो गुळगुळीत झाला होता. दोन माणसांच्या तळव्यांनी.

गाडीवाला असल्याची मला त्या क्षणी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही. गिअरमध्ये ठेवून चाक फिरवलं की इंजिन फिरतं, आणि इंजिन फिरतं तसं मीटरही सरकतं. दुसरं चाक जमिनीवर असलं तर निम्मंच अंतर धरतं. हे मी वर्कशॉपात पन्नास पोरांना शिकवलं होतं. एका फेऱ्याला दोन हातांहून थोडं जास्त, साधारण एक मीटर. पंचवीस फेरे, पंचवीस मीटर. वर्षाचे बावन्न रविवार. मी जमिनीवर बसून बोटांवर हिशेब केला, आणि पस्तीस किलोमीटर शेडच्या बाहेर न पडता बरोबर जुळले.

तारा जोडायला त्याला खरंच पाच मिनिटं लागली असती. त्याने त्या जोडल्या नाहीत. मी गावभर उभी गाडी मरते म्हणून सांगत फिरलो, आणि माझी अर्धी गाडी जिवंत ठेवली ती ज्याच्यावर मी विश्वास ठेवला नव्हता त्याने, नुसत्या हातांनी.

गोकुळदास भिंत चाचपत शेडमध्ये आला. दरवाजाशी थांबून त्याने गाडीच्या छपरावर हात ठेवला. "कितलो आसा मीटर? प्रभावतीक ते बारीक आंकडे दिसनात."

"दोनशें एकोणचाळीस."

"आनी तुवें बरयल्लो दोनशें चार." तो विसरला नव्हता. "म्हणजे पस्तीस. तुजें घर हांगासून कितलें?"

"एकतीस."

त्याने मनात हिशेब केला. मग म्हणाला, "म्हणजे तीनेक वर्सां आदींच हांव तुज्या दारांत पावल्लों. तूं भायर आयलो ना."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही; त्याला दिसत नव्हतं आणि प्रभावतीने तोंड फिरवलं होतं. मी खिशातली चावी काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने ती बोटांनी ओळखली, कुंकवाने माखलेलं बोट नाकाशी नेलं आणि चावी परत माझ्या हातात दिली. "तुजेकडेच आसूं. माका खंय चलोवंक मेळटा आतां? पुण आवाज आयकूंक मेळूंक जाय. कितले दीस लागतले?"

मी गाडीकडे बघितलं. ब्रेक, टाकी, वायरिंग, सगळे रबर. "दोन म्हयने. जास्तय लागत."

"आनी त्या मांद्र्याच्या भुरग्याक कितें सांगतलो?"

"पांढरी सोडून खंयचीय घे म्हणतलों."

सुमंगलेने दिलेली माळ प्रभावतीने गाडीच्या पुढच्या पट्टीला बांधली आणि तिची स्वतःची त्याच्याखाली. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या, प्लग काढले, तेल घातलं, चौथा गिअर टाकला आणि जॅक लावून चाक उचललं.

"आज शुक्रार," ती म्हणाली. "आयतार न्हय."

गोकुळदास तिथेच चिऱ्यावर बसला. मी चाक फिरवलं. जड होतं. आत पिस्टन वरखाली होताना प्लगांच्या भोकांतून हवा फुसफुसत होती, आणि तो डोळे मिटून ऐकत होता, जसा म्हापशाच्या टॅक्सीस्टँडवर ऐकायचा. तो मोजत होता, मोठ्याने. दहाला माझे खांदे भरून आले. वीसला घाम डोळ्यांत गेला.

"पंचवीस," तो म्हणाला. "जाले."

"हे तुजे जाले," मी म्हटलं. "आतां माजे मोज." आणि पुन्हा चाक धरलं.